वादी एक भोक आवळली, त्याची हकिकत

मुक्काम कॉर्डेरो क्रीक, आयडाहो
मार्चचा तिसरा सोमवार

वडील बहीण ग्राशियानाताईस धाकट्या फर्मिनाचा नमस्कार.

काल चर्चमध्ये तुझ्या नावाची मेणबत्ती लावली. ती शेवटपर्यंत जळली, त्यावरून तू खुशाल आहेस असं मी धरून चालले आहे. कोंबड्या अंडी देतात ना? डोळ्यांत थेंब घालतेस ना, की बाटली नुसती खिडकीत ठेवली आहेस? इकडे सगळं ठीक. मी फार आनंदात आहे. अक्षर वाकडं आलंय ते थंडीनं नव्हे, सगळं एकदम सांगायच्या घाईनं. (तसं माझं अक्षर कधी सरळ होतं म्हणा. पाचवीतून उचलून बाबांनी मला मेंढ्यांच्या तळावर पाव भाजायला नेलं, तू आठवीपर्यंत शिकलीस. तेव्हा चुका तूच सुधारून वाच.)

गोष्ट आहे माझ्या नातीची, आपल्या नेकानेची, आणि तिच्या बर्फगाडीची, त्या स्नोमोबाइलची. शेवट काय झाला ते आधी सांगणार नाही, कारण मग मधलं तू वाचत नाहीस, थेट खालची सही बघतेस. पोरगी जिवंत आहे आणि सगळी हाडं जागेवर आहेत, एवढ्यावर धीर धर.

तुला माहीत आहे, गेल्या वर्षी केटल टेकडीच्या चढाईच्या शर्यतीत निम्म्या वाटेवर गाडीचं नाक वर उठलं, गाडी मागं कलली आणि पोरीच्या अंगावर आली. गळ्याखालचं हाड मोडलं. बारा आठवडे मी तिच्या शर्टाची बटणं लावली, सव्वीस वर्षांच्या मुलीची, आणि प्रत्येक बटणाला माझं एकच म्हणणं, पुन्हा नाही जायचं. ती हो म्हणायची. मी शेवटचं बटण लावेपर्यंत ते हो टिकायचं. यंदा जानेवारीपासून गॅरेजात परत खुडबुड सुरू. सकाळी ती सरकारी गाडीवर बसून रस्त्यांवरचा बर्फ काढते, आणि दुपारी घरी आली की तिकडेच. आणि खुडबुड कसली, तर सस्पेन्शनची. आता मला त्यातलं कळत नाही, पण दोन महिने मोजायची फीत धरून उभी राहिले आहे, त्यामुळे थोडं कळतं. पोरगी आधी हेल्मेट, बूट, पाठीवरची पिशवी, फावडं, सगळं अंगावर घालून लोकरीच्या गोण्या तोलायच्या काट्यावर उभी राहते. मग तसंच गाडीवर बसायचं आणि मी फितीनं मोजायचं, मागची बाजू किती दबली. जास्त दबली की चढावर नाक वर जातं, म्हणून मागच्या स्प्रिंगा आवळायच्या. मग पुढच्या स्कीच्या स्प्रिंगा सैल करायच्या. मग परत बसायचं, परत मोजायचं. (एकदा मी सूप ढवळता ढवळता उठून गेले होते, तर फितीला सूप लागलं आणि अर्धा इंच दिसेनासा झाला. तो अर्धा इंच आम्ही संध्याकाळपर्यंत शोधत होतो.)

तर गाडीच्या पोटाखाली एक वादी असते. चांगली जाड, भोकं पाडलेली, खेचराच्या पोटाला खोगीर आवळायच्या तंगासारखी. गाडी ज्यावर पळते त्या रबरी पट्ट्याचा सांगाडा पुढच्या बाजूनं ती धरून ठेवते. नेकाने तिला हात लावत नसे. म्हणायची, वादी सैल असली की हँडल हलकं राहतं, मला तसंच आवडतं. चढाईच्या आठवड्यात मला झोप नाही, अन्न नाही. बुधवारी ती कामावर गेलेली, मी गॅरेजात त्या वादीकडे बघत बसले, आणि मला बाबांचं पाश्का खेचर आठवलं. तंग जास्त आवळला की पाश्का पोट फुगवून उभं राहायचं, चढावर एक पाऊल टाकायचं नाही, बाबांनी शिव्या देऊन तंग सोडेपर्यंत. मी म्हटलं, देवा, हेच. गाडीला इजा नाही, पोरीला इजा नाही, गाडी आपली पायथ्याशी हटून बसेल आणि पोरगी जेवायला घरी येईल. पाना घेतला, गोणपाटावर आडवी झाले (परत उठायला मला काय लागलं ते विचारू नकोस) आणि वादी एक भोक आवळून ठेवली.

त्या दिवशी दुपारी पोरगी मागच्या उतारावर गाडी चालवून आली ती गात आली. जेवताना दोनदा सॉसेज वाढून घेतलं आणि मला मिठी मारली. आता सांग, जिचं आपण वाईट केलं ती मिठी मारते तेव्हा काय होतं. गुरुवारी सकाळी माझ्यानं राहवलं नाही, वादी होती तशी सैल केली. त्या दुपारी पोरगी न गाता आली आणि जेवून परत गॅरेजात गेली. मला वाटलं, कामावर काही झालं असेल. शुक्रवारी रात्री मात्र मला ते मोडलेलं हाड डोळ्यांपुढे दिसायला लागलं, तेव्हा गेले आणि अंधारात चाचपून परत एक भोक आवळली. माझ्या हिशेबानं आवळली, सोडली, आवळली, म्हणजे एकच भोक. शनिवारी सकाळी गाडी ट्रेलरवर चढवून आम्ही निघालो तेव्हा मी देवाची क्षमा मागितली आणि थर्मास भरून घेतला.

टेकडीखाली सारं खोरं जमलेलं. माझ्याशेजारी ऑरव्हिल खुर्ची टाकून बसला होता, तोच, ज्याचं मेंढ्यांचं कुंपण आपल्याला लागून आहे आणि ज्याला सगळं कळतं. एक गाडी निम्म्यावर जाऊन नाक वर करून मागं कोसळली, माणूस बाजूला उडी मारून वाचला. ऑरव्हिल म्हणाला, याची वादी सैल. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, वादीनं काय होतं. तर त्यानं मला सगळं समजावलं, सावकाश, जणू मी त्याचं कोकरू आहे. वादी एक भोक आवळली की नाक खाली राहतं, स्की बर्फ धरून ठेवतात, गाडी भिंत चढावी तशी चढते. म्हणजे ताई, मी पोरीला थांबवायला गेले आणि तिला शिखरावर पाठवायची सोय करून आले. माझ्या हातातली कॉफी मांडीवर. मग तो म्हणाला, पण फार आवळू नये, फर्मिनाबाई, नाहीतर खळग्यात नाक रुततं आणि माणूस हँडलवरून पुढे जातो.

फार म्हणजे किती, मी विचारलं. तो म्हणाला, दोन भोकं म्हणजे फार.

एकच भोक, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी पाय उठले. दोरीखालून वाकून मी सुरुवातीच्या रेषेकडे निघाले, झेंडेवाला ओरडतोय, मी ऐकत नाही. (ऐंशीच्या पुढच्या बाईला कुणी ढकलत नाही, हा एक फायदा.) नेकानेपुढे दोनच गाड्या उरल्या होत्या. तिनं हेल्मेटची काच वर केली आणि मी तिथंच सगळं ओकले, बुधवार, गुरुवार, शुक्रवार, पाश्का सुद्धा.

तिनं इंजिन बंद केलं. मग म्हणाली, "आजी, बुधवारी गाडी इतकी छान चढली, मला वाटलं मीच एका दिवसात शहाणी झाले. गुरुवारी परत नाक वर. खाली वाकून बघितलं तर वादीच्या नटावर नवे ओरखडे, म्हणजे बुधवारी ती आवळलेली होती. मीच परत आवळली."

"गुरुवारी तू आवळलीस?"

"हो. आणि शुक्रवारी तू आवळलीस?"

ताई, त्या क्षणी मला थंडी वाजायची थांबली. पोरगी तडक बर्फात उताणी झाली, गाडीखाली हात घातला, बोटांनी भोकं मोजली. दोन. झेंडेवाला म्हणाला, वेळ झाली. मी त्याच्यापुढे उभी राहिले. त्याला काय बोलले ते लिहीत नाही, ते आपल्या भाषेत होतं आणि त्याला कळलं नाही, पण तो थांबला. पोरीनं एक भोक सोडलं, उठली, काच खाली करायच्या आधी माझ्या कानाशी म्हणाली, "डोळे मिटू नकोस."

मी ऑरव्हिलशेजारी परतले आणि मिटलेच. आवाज वर वर जाताना ऐकला, मधल्या खळग्यांपाशी तो दोनदा तुटला, माझ्या बोटांची नखं ऑरव्हिलच्या दंडात. मग आवाज थांबला. एकदम. मी विचारलं, पडली का? ऑरव्हिल मान उंचावून वर बघत होता. मी त्याला चिमटा काढला तेव्हा म्हणाला, नाही हो, पलीकडे गेली, आता टेकडीमुळे ऐकू येत नाही.

तर आपली नेकाने केटल टेकडीच्या माथ्यापार गेली. बायकांमध्ये तिच्या आधी आजवर दोघीच गेल्या आहेत. शर्यतीत तिसरा नंबर आला आणि बक्षीस म्हणून एवढं मोठं हॅम, डुकराची अख्खी तंगडी, मिळालं की ते फ्रिजमध्ये मावत नाही, गॅरेजात गाडीशेजारी टांगलंय. सगळ्या खोऱ्याला मी सांगितलं की वादी मी आवळली होती. कुणाचा विश्वास बसत नाही. तू ठेव.

तुझी आनंदी बहीण,
फर्मिना

ता. क. पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी वायोमिंगमध्ये चढाई आहे. ती टेकडी आमच्या टेकडीच्या दुप्पट उंच, असं पोरगी हसत हसत सांगते. तू एल्कोला, म्हणजे बरोबर उलट्या दिशेला. तेव्हा असं बघ, तू तिच्या आजी-मावश्यांत सगळ्यात वयानं मोठी, तुला त्याच्या आधल्या गुरुवारी एकाएकी चक्कर आली आणि तू नेकानेला फोन केलास, तर ती चढाई सोडून तुझ्याकडे येईल, नाही म्हणणार नाही. तू आजवर तिच्याकडे काही मागितलेलं नाहीस. पडलीस असं सांगू नकोस, ती डॉक्टर आणेल. नुसती चक्कर.

ता. क. दुसरा. वरचं लिहून मी पाव काढायला गेले, येऊन परत वाचलं. खोडणार होते, पण खोडलं तर तू उजेडाला धरून वाचशीलच. काल पोरगी गॅरेजातून ओरडली, आजी, फीत घेऊन ये, आणि मी चुलीवरचं सोडून पळत गेले. तेव्हा चक्कर यायची असेल तर गुरुवारीच येऊ दे. शुक्रवारी पहाटे आम्ही निघणार, मी थर्मास गाडीत ठेवलेला असेल, त्यानंतर कृपा करून फोन करू नकोस.