वरून प्यायचं पाणी

पहूर, ता. जामनेर
२ मार्च २०२५

ती. अक्कास,
सुकदेवचा सा. नमस्कार वि. वि.

घरात फोन असताना हा पत्रं कशाला लिहितोय, असं तुला वाटेल. जळगावच्या व्यायामवाल्या बाईंनी रोज पानभर मोठ्या अक्षरात लिहायला सांगितलं आहे. कंपवातात अक्षर बारीक होत जातं म्हणे. माझं तर मुंग्यांची रांग झालं होतं. नुसत्या रेघोट्या ओढण्यापेक्षा बहिणीला लिहावं म्हटलं. शिवाय फोनवर माझा आवाज फुटत नाही आणि तुला ऐकू येत नाही. आपलं बोलणं म्हणजे आमच्या सूनबाईची, सारिकाची, फुकटची करमणूक.

कापूस विकून मोकळे झालो. केळी यंदा बरी आहे. माझं जेवण तेवढं बरं नाही. घास तोंडात फिरत राहतो, खाली उतरत नाही. वरण घेतलं की ठसका, पाणी प्यायलो की ठसका. म्हणून सगळ्यांचं आटोपल्यावर मी एकटाच बसतो. तुझ्या भावजयीला, लताला, सांगितलंय, मला हल्ली उशिरा भूक लागते. तिला यातलं काही कळवू नकोस.

आणि हो, यंदा अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला, तू येऊ नकोस. ऊन फार आहे, तुझंही वय झालं.

राग मानू नकोस. माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
सुकदेव


धुळे
९ मार्च २०२५

चि. सुकदेवास,
पुष्पाअक्काचे अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. अक्षर छान मोठं आलंय, मजकूर मात्र अगदी टाकाऊ. ऊन फार आहे म्हणे! मी धुळ्यात राहते, महाबळेश्वरला नाही. लग्न झाल्यापासून माझी एकही आखाजी माहेराबाहेर गेली नाही. आई-आबा गेल्यावर तुझं घर तेच माझं माहेर. आता या वयात ते दार लावतोस का? खरं कारण काय ते लिही.

घास अडकला तर त्यात घाबरण्यासारखं काय आहे? तांब्या उचलायचा, मान वर करायची आणि घटाघट पाणी ओतायचं, आबांनी शिकवलं तसं. तांब्याला ओठ मात्र लागता कामा नये. हल्ली नातवंडं बाटल्यांना तोंड लावून पितात, मला बघवत नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या वेळी आडवं पडूनसुद्धा मी वरूनच प्यायले. उशी भिजली, नर्स ओरडली, पण पाणी उष्टं केलं नाही.

माझा नातू तेजस कामानिमित्त तिकडे येतोय. त्याच्याबरोबर ज्वारीचे बिबडे पाठवते, पापडासारखे कुरकुरीत. तुला लहानपणापासून आवडतात. मजेत खा.

तब्येतीला जप, आणि लताचं ऐकत जा.

तुझी,
अक्का


पहूर
२३ मार्च २०२५

ती. अक्कास सा. नमस्कार.

बिबडे पोचले. रोज दोन खातो आणि तू सांगितलंस तसं वरून भरपूर पाणी पितो. हात हलतो, त्यामुळे अर्धं पाणी सदऱ्यावर जातं. पण आनंदाची गोष्ट अशी, की ठसका थांबला! आठवडा झाला, एकदाही लागला नाही. डॉक्टरांच्या गोळ्यांपेक्षा तुझे बिबडेच गुणकारी. संध्याकाळी जरा कणकण वाटते आणि घसा घरघरतो, पण हवा बदलली की असं होतंच.

आता खरं कारण. आखाजीला तू माझ्या शेजारच्या पाटावर बसतेस. माझी लाळ गळते. कधी घास अर्धा बाहेर येतो. पूर्वी पंगतीत आग्रह करकरून वाढणारा माणूस मी. तुझ्यासमोर तसं जेवायची मला लाज वाटते, अक्का. म्हणून येऊ नकोस.

दुसरं काही मनात आणू नकोस.

तुझा,
सुकदेव


जळगाव
९ एप्रिल २०२५

ती. अक्कांना,
लताचा शि. सा. नमस्कार वि. वि.

यांना दवाखान्यात ठेवल्याचं सारिकाने फोनवर तुमच्या कानावर घातलंच आहे. न्यूमोनिया झाला होता. आता ताप उतरलाय, काळजी करू नका. डॉक्टरांनी नीट समजावलं, ते सगळं फोनवर सांगता येण्यासारखं नाही, म्हणून लिहिते.

मेंदूचा जो भाग झिजल्यामुळे यांचा हात हलतो, चाल अडखळते, त्याच झिजेने गिळण्याचीही घडी बिघडते. जीभ आणि घसा वेळेवर हलत नाहीत. त्यामुळे अन्न-पाणी थोडं थोडं श्वासनळीत जातं. आधी गेलं की ठसका लागायचा. नंतर घशाला ते कळेनासंच झालं, म्हणून ठसका थांबला. आपण बरं वाटलं म्हणून खूश होतो आणि पाणी गुपचूप छातीत उतरत होतं. मलाही वेळेत कळलं नाही. हे मला चुकवून जेवायचे, याचा फार राग आला, आणि रडूही आलं.

गिळायचं शिकवणाऱ्या बाईंनी यांना वरून पाणी पिताना पाहिलं आणि कपाळाला हात लावला. यांच्यासाठी मान वर करून ओतणं सगळ्यांत वाईट. पाण्यात पावडर घालून ते कढीइतकं दाट करायचं, पेल्याला ओठ लावायचे, हनुवटी छातीकडे न्यायची आणि एकेक लहान घोट घ्यायचा. कोरडं, चुरा होणारं काही द्यायचं नाही. जेवण कंपवाताची गोळी लागू पडल्यावरच.

बाकी सगळं हे ऐकतात, पण पेल्याला ओठ लावायला तयार नाहीत. उष्टं पाणी पिण्यापेक्षा तहानेने मरेन म्हणतात. माझा डोळा चुकवून तांब्या उचलतात. असंच चाललं तर पुन्हा न्यूमोनिया होईल, आणि तो कदाचित सोसणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. नाहीतर नाकातून नळी घालायची.

आबांच्या जागी यांना आता तुम्हीच. आखाजीला नक्की या. हे नको म्हणाले असले तरी मी बोलावते आहे.

लहानांवर कृपा असू द्या.

तुमची,
लता


धुळे
१५ एप्रिल २०२५

चि. सौ. लतास आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. बिबडे मीच पाठवले आणि वरून पाणी ओत असंही मीच लिहिलं. जेवण गेलं नाही त्या दिवशी.

तू लिहितेस तसं त्याला सांगून बघते असं म्हणणार होते, पण सांगून तो ऐकायचा नाही. आबांच्या शिस्तीत मी वाढले तसाच तोही. आणि खरं सांगू का, पेल्याला ओठ लावून पी हे त्याला सांगायला माझीच जीभ रेटत नाही. मी स्वतः जन्मात कधी प्यायले नाही.

आखाजीच्या आदल्या दिवशी येते. त्याला बोलू नकोस. त्या पावडरीचा डबा मोठा आणून ठेव.

देव तुम्हा सर्वांना सुखी ठेवो.

अक्का


पहूर
५ मे २०२५

ती. अक्कास,
सुकदेवचा सा. नमस्कार वि. वि.

तू सुखरूप पोचल्याचं तेजसने कळवलं. इकडे सगळे तुझंच बोलतात. सारिका तर शेजारणींना नक्कल करून दाखवते.

मलाही ते डोळ्यांसमोरून हलत नाही. पितरांची घागर पुजून झाली, आमरसाच्या वाट्या मांडल्या, आणि मी पाटावर बसायचं टाळत होतो. तू शेजारी येऊन बसलीस. सारिकाकडून दोन पेले मागितलेस, दोन्हींत ते दाट पाणी. भिंतीवरच्या आबांच्या फोटोकडे एकदा पाहिलंस. मग हनुवटी खाली घालून पेल्याला चक्क ओठ लावलेस. तोंड असं केलंस, जसं एरंडेलच प्यायलीस. हे पाणी नव्हे, खळ आहे, असं सगळ्यांसमोर म्हणालीस, आणि पुन्हा दुसरा घोट घेतलास. मला एका शब्दाने आग्रह केला नाहीस. मग मी कसा नाही म्हणणार होतो?

लाळ गळली, दोनदा पुसावी लागली. तू पाहिलंस आणि आमरस जेवत राहिलीस. इतक्या महिन्यांनी मी पंगतीत बसलो.

दुखणं जाणार नाही, हे डॉक्टरांनी सांगितलंय. पुढेमागे नळी लागेलही. पण तोवर पेल्याने पितो, दिवसभर. छाती स्वच्छ आहे.

एक गोष्ट राहिली. तू एसटीला निघालीस, तेव्हा लता भांडी गोळा करत होती. तुझ्या पेल्यात तळाशी दोन घोट उरले होते. तो मी तिला घासायला दिला नाही. कोणी बघत नव्हतं. हनुवटी छातीला टेकवली आणि तुझं उष्टं पाणी पिऊन टाकलं.

पुढच्या आखाजीला कितीही ऊन असलं तरी ये. तोपर्यंत भावावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
सुकदेव