सहा तासांची बॅच

३ फेब्रु.
रंगाच्या इमल्शनचं नवं विरजण, म्हणजे नवा फॉर्म्युला, जमला. कणांवरचा ऋण भार वाढवला, गुठळ्या बंद. पण रिअ‍ॅक्शन रेंगाळते. कॅटॅलिस्टचे तुकडेही ऋणच, कण त्यांना दारातूनच हाकलतात. मोनोमर, म्हणजे कच्चा माल, नेहमीसारखा चार तासांत सोडला तर तो तसाच साठत जाणार, मग एकदम पेटणार. सहा तास हवेत.

५ फेब्रु.
शेठना आलेख दाखवला. "सहा तास? दिवसाची एक बॅच गेली की! मॅडम, चारातच बसवा." डोकंच फिरलं. आलेख टेबलावर आपटला, दार आपटून निघाले. ऑपरेटर ज्यावरून काम करतात त्या बॅच कार्डावर चारच तास राहिले. मरू दे, त्यांचं ते बघतील.

९ फेब्रु.
दुपारी रिअ‍ॅक्टर फुटला. बोल्ट तुटून झाकण छताच्या पत्र्यातून आरपार. ऑपरेटर कोंडीभाऊ समोरच होते. उकळतं पांढरं इमल्शन तोंडावर, छातीवर. अंगावरच घट्ट होत गेलं. मी ते ओढून काढायला गेले, त्याबरोबर कातडी आली. ओरडत नव्हते, नुसते हुंकारत होते. मला...

१० फेब्रु.
डावा डोळा गेला त्यांचा.
शेठ म्हणाले, "सहा तासांचं कार्ड लिहा, मागची तारीख टाका. त्यानंच घाई केली म्हणायचं." हातातला फ्लास्क त्यांच्या डोक्यात घालणार होते, भिंतीवर फोडला. कार्ड लिहिलेलं नाही. अजून तरी.

११ फेब्रु.
कोंडीभाऊंची बायको दोघा भावांना घेऊन गावाहून, तळेघरहून आली. भावांनी ऑफिसच्या काचा फोडल्या, शेठना लोळवून लाथा घातल्या. नाकातून रक्त. मी मधे पडले नाही. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू? मग ती माझ्याकडे वळली. वाटलं, आता आपली पाळी. तर म्हणाली, "तुमाला भेटायचं म्हनत्यात. लई आठवण काढत्यात."

१३ फेब्रु.
शेवटी गेले हॉस्पिटलात. तोंडभर पट्ट्या. आवाजावरून ओळखलं मला.
"रडू नका, मॅडम. तुमी म्हनला व्हता, हळू सोडा. मीच ऐकलं न्हाई. तळेघरची एसटी गाठायची व्हती ना."
मी त्यांना एक शब्दही बोलले नव्हते. त्यांनी मोनोमर कार्डाबरहुकूमच, चार तासांच्या हिशेबानं सोडला होता. हेच सांगायला तोंड उघडलं आणि "बरं, पडा आता" एवढंच बाहेर आलं.
फॅक्टरी इन्स्पेक्टर उद्या अकराला हॉस्पिटलातच येतोय. आधी कोंडीभाऊंचा जबाब, मग माझा.