कोवळ्या गवताची बाधा

ता. १२ मार्च

चि. धाकट्यास, अनेक आशीर्वाद.

तू पत्र लिहीत नाहीस म्हणून मीही अडून बसले होते. पण मिरीपायी माघार घ्यावी लागतेय. थंडी संपल्यापासून आपली घोडी पाय आखडून चालते. मऊ मातीत ठीक, दगडावर पाऊल टाकताना मात्र थबकते. काल पुढचे दोन्ही पाय ताणून, सगळा भार मागच्या पायांवर घेऊन उभी होती. खुराला हात लावला तर कढत. बाबा म्हणतात, वेळेवर नाल ठोकली असती तर हे झालं नसतं. पोरगा नालबंद आणि घरची घोडी अनवाणी. कुरणातल्या कोवळ्या गवतावर तर तुटून पडते, पोटही सुटलंय, मग आजारी कशी म्हणायची? तीन वर्षांचं पोर ते. काय करू ते लगेच कळव. बाकी बाबांचा खोकला आणि माझ्यावरचा राग, दोन्ही ठणठणीत.

लोभ आहेच, तो पत्रातूनही थोडा दिसू दे.

तुझी ताई

ता. १७ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि हातातली कानस खाली ठेवली. नालेचा काही संबंध नाही. ते गवतच तिला बाधतंय. कोवळ्या गवतात साखर फार. त्याने खुराच्या आत सूज येते आणि खुराचं कवच आतल्या हाडापासून सुटायला लागतं. हाड एकदा खाली सरकलं की माझ्या हातात काही उरत नाही. आजच तिला कुरणातून काढ. मागच्या अंगणात जाड वाळू पसरून तिथे ठेव. वाळलं गवत भिजवून, ते पाणी फेकून मगच घाल. हिरवी काडीसुद्धा नको. डॉक्टरांना बोलाव. ती केविलवाणं बघेल, बाबा तुला कसाई म्हणतील. म्हणू देत. इथलं काम आटोपलं की निघतोच.

तुझ्या रागावर पहिला हक्क माझा, तो तसाच राहू दे.

तुझा धाकटा

ता. ९ एप्रिल

चि. धाकट्यास, आशीर्वाद.

मिरी काल गेली.

तू सांगितलंस तसं सगळं केलं. आधी उतार पडला, मग पुन्हा बिघडली, आणि का ते कळेना. परवा डबा विसरला म्हणून कामाच्या अर्ध्या वाटेवरून परतले, तर बाबा कुंपणाशी उभे. एका हातात विळा, दुसऱ्या हातात हिरवं गवत. मी बाहेर पडले की रोज घालत होते. तू तिला उपाशी मारतेस, म्हणाले. मी त्यावर जे बोलले ते लिहवत नाही.

डॉक्टरांनी एक्स-रे काढला. हाड तळव्यातून बाहेर यायच्या बेतात होतं. आता तिला मोकळं करा, म्हणाले. मीच हो म्हटलं. तू येईपर्यंत तिला तसं ठेववेना. इंजेक्शन दिलं तेव्हा बाबा खाली वाळूत बसले होते, तिचं डोकं मांडीवर घेऊन.

तेव्हापासून जेवले नाहीत. आज सकाळी चहा द्यायला गेले, तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "मला बघितलं की ती उठून कुंपणापर्यंत चालत यायची गं. मला वाटायचं, बरी होतेय."

मी कप ठेवला आणि बाहेर आले.

तू ये. आलास की आधी त्यांच्याजवळ बस. मला अजून बसवत नाही. लोभ असू दे. बाबांवर काही दिवस माझ्या वाट्याचाही तुलाच करावा लागेल.

ताई