बेटावरचं शेवटचं मांजर

पूर्णगड, वैशाख अखेर

प्रिय दाऊद,

तुझ्याविरुद्ध एक तक्रार आहे आणि ती मी रीतसर लेखी करतो आहे. आज सकाळी माझ्या वाळत घातलेल्या सोवळ्यावर एक मांजर येऊन झोपलं. एक कान फाटलेला, अंगाला सुक्या मासळीचा वास. मी हाकललं तर माझ्याकडे असं पाहिलं, जणू घर त्याचं आणि मी बिऱ्हाडकरू. तू जाऊन दोन वर्षं झाली, तरी या त्रासात निम्मा वाटा तुझा आहे. कसा, ते सांगायलाच लिहायला बसलो.

सुरय पाखरं परत आलीत, दाऊद. बेटावर अंडी आहेत!

आठवतं, मी पोत्यात एक मांजरी घेऊन तुझ्या होडीशी आलो होतो? रोज दुधाचं भांडं पालथं. मारावी तर सोन्याचं मांजर करून काशीला दान द्यावं लागतं, आणि पाठशाळेच्या पगारात त्याची शेपटीसुद्धा झाली नसती. तू म्हणालास, "बेटावर नको रे शास्त्री, तिथे पाखरं अंडी घालतात." मी अहिंसेवर पाऊण तास बोललो. शेवटी तू वल्ही उचललीस. "बस होडीत. तुझं ऐकण्यापेक्षा वल्हवणं सोपं."

ती गाभण आहे हे या विद्वानाच्या लक्षात आलं नाही. मग माझं पाहून गावानं आपापली चोरटी मांजरं बेटावर पोचवली. पाप कुणालाच लागलं नाही. पाखरं तेवढी संपली.

सुरय घिरट्या घालतील तिथे तुम्ही जाळं टाकायचात. आकाश रिकामं झालं तसा तू सुकाणूशी बसून नुसता वर बघायचास, आणि मासळीमागे किनारा दिसेनासा होईपर्यंत जायचास. मला मात्र एका शब्दानं बोलला नाहीस. का रे? एक शिवी हासडली असतीस तर मला बरं वाटलं असतं.

म्हणून गेल्या दिवाळीनंतर तुझा भाऊ कासम, आता तुझ्या होडीचा तोच तांडेल, आणि मी कामाला लागलो. तुझ्या घरून हलीमाभाभींनी सुकट दिली. काठीवर टेकवलेली पाटी, खाली सुकट, काठीला दोरी, आणि दोरीचं टोक धरून वाळूवरच्या मर्यादवेलीत पालथा पडलेला मी. पहिलं मांजर आलं तेव्हा मी कासमला सांगत होतो की सुरयाला संस्कृतात कुररी म्हणतात.

"शास्त्रीबुवा, दोरी ओढा. कुररी मागाहून."

तोवर मांजर सुकट खाऊन गेलं होतं.

पण धरली, एकेक करून धरली. वरच्या गावांतल्या भाताच्या कणग्यांना उंदरांचा उपद्रव, तिथे ती खपली. हे फाटक्या कानाचं कुणी घेईना. माझ्याच मांजरीचा वंश, माझ्याच पदरी आला.

परवा शेवटची खेप केली. खडकावर पाखरंच पाखरं! अंडं उघड्या कातळावर, ठिपक्यांचं. खाली काडी नाही की पान नाही. एका सुरयानं माझ्या पगडीवर अभिषेक केला. मी ती अजून धुतलेली नाही. कासम बराच वेळ वर बघत उभा होता. "भाई हवा होता," एवढंच म्हणाला.

तुला वचन देतो. यापुढे गावात कुणालाही मांजर नकोसं झालं तर त्यानं ते माझ्या ओटीवर आणून सोडावं, होडीत नाही. आणि नारळी पौर्णिमेला समुद्र उघडला की बेटाकडे जाणाऱ्या पहिल्या होडीत पाटी आणि दोरी घेऊन मी असेन.

पाटी कशाला, असं तू विचारशील. परवा निघताना वाळूत मला पंजाचा ठसा दिसला. सकाळपासून वारा होता, जुना ठसा राहिला नसता. कासमच्या नजरेला पडायच्या आत मी तो पायानं पुसला. पाणी तेव्हाच उसळू लागलं होतं. आता आगबोटीही बंद झाल्या. कासमला कळलं तर तो अशा पाण्यातही होडी घालील, म्हणून त्याला सांगितलेलं नाही. तिथे अंडी आहेत आणि एक मांजर आहे, आणि पौर्णिमेपर्यंत कुणी जाऊ शकत नाही.

मला भीती वाटते, दाऊद.

तुझा,
शास्त्री