नऊ दिवसांच्या मुलीचं चित्र

ओफाकिम,
१२ मार्च १९६३

ती. आईस तुझ्या नओमीचा शालोम.

तार मिळाल्यापासून तू धड जेवत नाहीस, असं दादाने कळवलं. असं करू नकोस गं. माझी तब्येत आता बरी आहे. रूवेन कामावरून आले की स्वतः भात लावतात. करपला तरी मी खाते. बाबांचा खोकला कसा आहे?

गेल्या आठवड्यापासून शाळेत जाऊ लागले. नववीच्या मुलांना शाईच्या चित्रात नुसत्या ठिपक्यांनी सावली द्यायला शिकवतेय. गडद हवं तिथे ठिपके दाट, उजेड हवा तिथे विरळ. पोरं घाई करतात आणि कागदभर डाग पाडतात.

काल गालाची गोलाई कशी आणायची ते त्यांना दाखवत होते. टाक चालत राहिला आणि आपल्या बाळाचाच चेहरा उमटला. मिटलेले डोळे, हनुवटीवरची खळी, सगळं. तिचा फोटो काढायचा राहूनच गेला ना, आई.

हेदवा नावाच्या मुलीने विचारलं, "बाई, हे कोण?"

"माझी मुलगी. नऊ दिवस होती."

तिने हळू विचारलं, "नाव काय तिचं?"

बारसं व्हायला तीन दिवस होते, आई. नाव ठेवलंच नव्हतं. माझ्या तोंडून तुझंच नाव निघालं, "मिल्का." रागावू नकोस.

हेदवाने ते चित्राखाली हिब्रूत लिहून दिलं. चित्र सोबत पाठवतेय. इथे माझ्याने ते बघवत नाही, आणि फाडवतही नाही. तू जवळ ठेव.

तुझी,
नओमी