नावाचं दावं

आप्पा, आज इंटरनेटवरचं एक नाव विकलं आणि तुमची इतकी आठवण आली की हातातलं काम सोडून लिहायला बसलो. तुम्हाला जाऊन वर्षं लोटली, पण सौदा जमला की मी अजून शेजारी बघतो.

तेव्हा पिंपळवंडीत आपल्याकडं संगणक कुठला! मी आळेफाट्याच्या सायबर कॅफेत बसून नावं घेऊन ठेवायचो. उद्या कुणा व्यापाऱ्याला वेबसाइट काढायची झाली, की त्यानं ते नाव माझ्याकडून जास्त पैसे देऊन घ्यावं, एवढाच धंदा. तुम्ही बेल्ह्याच्या बैलबाजारातले मुरलेले दलाल, म्हणून तुम्हाला बैलांच्या भाषेत समजवायला गेलो आणि फसलो. "खातं काय तुजं नाव?" तुम्ही विचारलंत. म्हटलं, काही नाही, वर्षाला फी भरायची. "मंजी खातंय की! आन काम?" काम काही नाही, गिऱ्हाईक येईपर्यंत पडून असतं. तुम्ही आईकडं वळलात. "आगं, ह्यानं भाकड जनावर घेतलंय." झालं! आई शेजारणींना सांगायला लागली, आमचं पोरगं भाकड नावं पाळतंय.

मग तुम्ही पारगावच्या साखर कारखान्यात, वजनकाट्यावर, माझ्यासाठी कारकुनाची जागा बघून आलात. "दिवाळीपत्तोर एक तरी इकून दाखव, न्हाईतर गुमान काट्यावर बस."

दिवाळीच्या तोंडावर देवानं शेटजी धाडले. कांद्याचे मोठे व्यापारी. जैन असल्यामुळं स्वतः कांद्याला शिवायचे नाहीत, पण कांद्याचं कौतुक असं करायचे की ऐकणाऱ्याला भूक लागावी. त्यांना माझं 'जुन्नर कांदा' हे नाव पाहिजे होतं. तुम्ही कॅफेत आलात, खांद्यावरचं उपरणं काढलंत, शेटजींचा हात त्याखाली घेतलात आणि बैलबाजारातल्यासारखा न बोलता बोटांवर भाव सुरू केलात. नावाचा मालक मी, आणि मलाच भाव कळेना! शेवटी दोघं हसलात, म्हणजे जमलं.

"चला, आता पासवर्ड द्या," शेटजी मला म्हणाले.

"पासवर्ड मंजी?" तुम्ही.

"नाव आपल्याकडं ज्यानं बांधून राहतं ते," मी म्हणालो आणि जीभ चावली.

"मंजी दावं! शेटजी, जनावर तुमचं. दावं न्हाई मिळायचं. दावं दिल्यावर घरात काय ऱ्हातं?"

"अहो भाऊ, मग मी हे नेऊ कसं?"

"तुमचं दावं आणा."

डोळ्यांसमोर काटा, उसाच्या गाड्या आणि त्यांच्यामागं जाणारा माझा जन्म दिसायला लागला. पण शेटजींचंही आयुष्य बाजारातच गेलेलं. म्हणाले, "बरोबर आहे भाऊंचं." मी जुना पासवर्ड टाकून आत शिरलो, आणि त्यांनी एका बोटानं टकटक करत स्वतःचा नवा घातला. "नीट बांदलं का?" तुम्ही विचारलंत. बांधलं म्हणाल्यावरच चहा सांगितलात. घरी आल्यावर जुना पासवर्ड मला पुठ्ठ्यावर लिहायला लावलात आणि गोठ्यातल्या खुंटीवर, दाव्यांच्या शेजारी अडकवलात. आई हसून हसून खाली बसली.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून एक सांगून टाकतो. तुमच्या दहाव्याला ज्यांच्याकडं तुम्ही माझी जागा बघितली होती, ते कारखान्यातले साहेब आले होते. म्हणाले, त्या दिवाळीत तुम्ही येऊन सांगून गेलात, "दुसरं कुनी बगा. माजं पोरगं आता बाजारात उबं ऱ्हातं." आप्पा, मला न विचारता! मला तिथंच हसू आणि रडू एकदम आलं. कारण सौदा झाला त्याच आठवड्यात मी नारायणगावात जाऊन त्याच काट्यावरच्या नोकरीच्या अर्जासाठी फोटो काढले होते आणि गुपचूप अर्ज धाडला होता. एका नावावर जन्म निघत नाही, एवढं मला कळत होतं हो. कितीतरी महिने मी पोस्टमनची वाट बघितली. बोलावणं येईना, म्हणून वेळ घालवायला नावं घेत राहिलो. लोक आता त्याला जिद्द म्हणतात, आणि मी म्हणू देतो.