एक नंबरची वाट

३ मार्च, सोमवार
नवा दवाखाना, सरकारीच. काम तेच – मांडीवर घड्याळ ठेवायचं आणि नंबराची चिठ्ठी घेतल्यापासून डॉक्टरीणबाईंच्या दारापर्यंत माणूस किती वाट पाहतो ते टिपायचं. त्यावरून दवाखान्याला गुण. ताईला अजून याचं हसू येतं. 'लोकांची वाट मोजायचा पगार घेतेस. स्वतःची लागायच्या आत ती गाठ दाखव.' काखेतली गाठ. वाटाण्याएवढी आहे, दुखत नाही. हे काम संपलं की दाखवीन.

४ मार्च
खिडक्यांच्या काचांना हिरवा रंग फासलाय. दुपारी सगळा हॉल हिरवट होतो. पंख्याची घरघर, कुजबुज, मधूनच सिस्टरचा आवाज – 'बावीस... तेवीस...' पाण्याच्या तळाशी बसल्यासारखं वाटतं. छान वाटतं, खरं सांगायचं तर. गाठीचा विसर पडतो.

५ मार्च
काहीतरी गफलत आहे. बाकीचे तासाभरात आत जातात. एक नंबर मात्र दुपार कलल्यावर. रोज! त्या एकट्यामुळे सरासरीचा पार विचका. सिस्टरला विचारलं. 'तो आजोबांचा नंबर,' म्हणाली. कोपऱ्यातल्या बाकावरचे, मफलर गुंडाळून खोकत बसणारे. दार उघडायच्या आधीच येतात, पहिली चिठ्ठी काढतात, आणि स्वतः आत जातच नाहीत. सगळे त्यांना 'एक नंबर' म्हणतात. 'माणूसही एक नंबर आहे. बघाल तुम्हीच.'

७ मार्च
बघितलं. एक बाई तापलेलं पोर खांद्यावर टाकून ताटकळत होती. शेवटी कंटाळून दाराकडे निघाली. आजोबा उठले, चिठ्ठी तिच्या मुठीत कोंबली. 'परत जायचं नाही. आत जा.' सिस्टरनं लगेच पुकारलं, 'एक!' रांगेनं सरकून तिला वाट करून दिली.

त्यांची बायको अशीच गर्दी बघून परत फिरली होती म्हणे. उद्या येऊ, म्हणाली. असे बरेच उद्या गेले. मग उशीर झाला.

१० मार्च
साहेबांना फोन केला. 'एक नंबर वगळा, सरासरी बिघडते.' मी विचारलं, मग परत जाणाऱ्यांचं काय? 'जे आत गेलेच नाहीत त्यांची वाट कशी मोजणार, बाई?' बरोबरच आहे. तरी दिवसभर डोक्यात घोळत राहिलं.

दुपारी बसल्या जागी डुलकी लागली. स्वप्नात बाक संपतच नव्हता. परत गेलेले सगळे त्यावर बसले होते, अगदी निवांत. त्यांच्यात मीही. कुणाचाच नंबर कुणी पुकारत नव्हतं.

११ मार्च
गाठ वाढलीय. की मलाच तसं वाटतंय? आजोबा आज सारखे माझ्याकडे बघत होते. रागच आला.

१२ मार्च
इथला शेवटचा दिवस. घड्याळ पिशवीत टाकून निघाले, तर दारात आजोबा आडवे. 'पोरी, इतके दिवस बघतोय. हात सारखा काखेत जातो तुझा. आणि तशीच निघालीस?'

'मला काय झालंय?' म्हटलं.

त्यांनी चिठ्ठी पुढे केली. चुरगळलेली, घामानं ओलसर. सिस्टर मान वर न करता म्हणाली, 'एक.' मी भ्याले. फार भ्याले. पण सगळा हॉल बघत होता, परत फिरायची सोय नव्हती. गेले आत.

२० मार्च
गाठ काढावी लागणार. साधी की वाईट, ते मग कळेल. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेत आलात. ताई आधी रडली, मग मला शिव्या घातल्या, मग लहानपणीसारखी माझी वेणी घालून दिली.

अहवालात एक नंबर वगळला नाही. 'परत जाता जाता थांबलेले' असा नवा रकाना केला. साहेब वैतागले. वैतागू देत.

२१ मार्च
काम संपलंय, तरी आज दार उघडायच्या आधीच दवाखाना गाठला. पहिला नंबर मी काढला. आजोबा आले, दोन नंबर मिळाला म्हणून कुरकुरले. मी माझी चिठ्ठी त्यांच्या हातात ठेवली. ते खोकले, बराच वेळ खोकले. मग बाहेरच्या दाराकडे वळत म्हणाले, 'मला काय झालंय?'

मी दारात आडवी उभी राहिले.